अबोल रान

संगणक काही मिनिटं मोकळा पडला की पडद्यावर रान उगवतं. उंच खोडं, त्यांच्यामधून तिरपा उतरणारा उजेड, एक तळं, एक पडका अवशेष, एक अवाढव्य म्हातारा ओक. या रानात एक हरीण उभं असतं आणि त्याचा चेहरा माणसाचा असतो. कळ दाबली की ते चालू लागतं, दौडतं, मान झुकवतं, झाडाला शिंगं घासतं. जरा पुढं गेलं की दुसरं हरीण दिसतं, मग तिसरं. त्यांतलं प्रत्येक हरीण म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेतरी त्याच क्षणी संगणकासमोर बसलेला एक माणूस. त्याचं नाव कळत नाही, देश कळत नाही, वय आणि भाषाही कळत नाही. त्याच्याशी बोलता येत नाही, कारण या रानात शब्दच नाहीत.

‘द एंडलेस फॉरेस्ट’ हे त्याचं नाव. तेव्हा बेल्जियममधल्या गेंट शहरात राहणाऱ्या ऑरिया हार्वी आणि मिकाएल सामिन या जोडीनं ते 2005 मध्ये खुलं केलं. लक्झेंबर्गच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं, म्हणजे ‘मुदाम’नं, ते काम त्यांच्यावर सोपवलं होतं. ते फुकट होतं आणि स्क्रीनसेव्हर म्हणूनही चालायचं. गुण नाहीत, पातळ्या नाहीत, शत्रू नाही, शेवट नाही. त्याला गेम म्हणावं की चित्र म्हणावं यावर बरीच चर्चा झाली. मला त्या चर्चेपेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. निसर्गाच्या लोककथा इंटरनेटवर आणण्याचे किती तरी प्रयत्न होतात. त्यांत सुंदर चित्रं असतात, निवेदकाचा घोगरा आवाज असतो, पुढच्या पानावर जायला बटणं असतात. कथा अगदी जशीच्या तशी असते, पण रान नसतं. इथे मात्र कथाच नाही, तरी आजीच्या तोंडून ऐकलेलं रान आहे. हे कसं साधलं असेल?

उत्तराचा एक धागा या दोघांच्या आधीच्या कामात आहे. हार्वी न्यूयॉर्कमध्ये होती, सामिन गेंटमध्ये. दोघंही वेबसाइट हीच आपली चित्रचौकट मानणारे कलावंत. 1999 मध्ये इंटरनेटवरच त्यांची गाठ पडली आणि ते एकमेकांना जी प्रेमपत्रं पाठवू लागले ती वेबपानांच्या रूपात होती. माऊस नेला की श्वास घेणारी, हात फिरवला की थरथरणारी पानं. पुढे ‘स्किनऑनस्किनऑनस्किन’ या नावानं ती लोकांसमोर आली. म्हणजे दूरच्या माणसाला शब्दांवाचून स्पर्श कसा पोहोचवायचा, हा प्रश्न त्यांनी हरणांच्या कितीतरी आधी, स्वतःच्या संसारासाठी सोडवायला घेतला होता. नंतर त्यांनी स्टुडिओ काढला आणि त्याला ‘टेल ऑफ टेल्स’ हे नाव दिलं. सतराव्या शतकातल्या नेपल्सच्या जांबात्तिस्ता बासिलेच्या लोककथासंग्रहाचं हे नाव. निद्रिस्त राजकन्येची जी रूपं युरोपात लिहिली गेली, त्यांतलं एक जुनं आणि बरंच क्रूर रूप याच संग्रहात आहे. त्या राजकन्येवर ‘8’ नावाचा मोठा प्रकल्प त्यांनी आखला, पैसे उभे राहिले नाहीत आणि तो बाजूला पडला. हरणांचं रान त्यानंतर आलं.

रानात जीभ काढून घेतल्यावर काय उरतं? हरीण मान लववतं, मागच्या पायांवर उभं राहतं, हंबरतं, नाचतं, बसतं. ओळख म्हणून प्रत्येकाला एक चिन्ह मिळतं. ते डोक्यावर, शिंगांच्या मध्ये, तरंगत असतं आणि कुणालाही मोठ्यानं वाचता येत नाही. नवखा आला की तो पाडस असतो, शिंगं यायला काही काळ जावा लागतो. आणि मग सगळ्यांत सुंदर नियम. या रानात जादू आहे. दुसऱ्या हरणाच्या अंगावरची कातडी बदलता येते, शिंगांवर फुलं उमलवता येतात, मुखवटा चढवता येतो. पण ही जादू फक्त दुसऱ्यावर चालते, स्वतःवर नाही. आपलं रूप बदलावंसं वाटलं तर कुणाच्या तरी समोर जाऊन उभं राहायचं आणि त्यानं काहीतरी द्यावं याची वाट पाहायची. काय मिळेल ते सांगता येत नाही. मागता येत नाही, कारण मागायला शब्द नाहीत.

या एका नियमातून अख्खी रीत उभी राहिली. खेळणारे एकमेकांसमोर वाकू लागले. कुणी नाचू लागलं की चार हरणं भोवती येऊन तसंच नाचू लागली. कुणी दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करत मागे फिरू लागलं. कुणी नुसतंच शेजारी बसून राहू लागलं. नमस्कार घालायचा, असं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या दोघांनी फक्त वाकण्याची हालचाल दिली होती आणि बोलण्याची वाट बंद केली होती. गप्पांची सोय असती तर पहिल्या मिनिटाला ‘कुठून?’ हा प्रश्न आला असता, दुसऱ्या मिनिटाला कदाचित शिवी. दोन्ही टळलं.

माणसाच्या चेहऱ्याचं हरीण काही नवं नाही. हायाओ मियाझाकीच्या 1997 च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये वनदेव असाच आहे. बेल्जियमला मात्र यासाठी जपानपर्यंत जावं लागत नाही. त्या देशाच्या आर्देन डोंगररानात सेंट ह्यूबर्ट नावाचं गाव आहे. ते ज्याच्या नावाचं, तो लिएजचा बिशप ह्यूबर्ट 727 मध्ये वारला आणि शतकभरानं त्याचे अवशेष त्या गावच्या मठात नेले गेले. त्याची कथा अशी सांगतात: शिकारीचं वेड असलेला हा सरदार गुड फ्रायडेलाही रानात गेला, पाठलाग केलेलं हरीण थांबलं, वळलं आणि त्याच्या शिंगांमध्ये क्रूस चमकत होता. ह्यूबर्टनं शिकार सोडली. आज तो शिकाऱ्यांचाच संरक्षक संत आहे आणि 3 नोव्हेंबरला त्याचा दिवस पाळतात. या रानात शिंगांच्या मध्ये चमकतं चिन्ह घेऊन हरीण समोर येऊन उभं राहतं, तेव्हा त्या भागातल्या कुणालाही ह्यूबर्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. फरक एवढाच की इथे शिकारी नाहीच. ज्याच्याकडे पाहून थबकायचं तेही हरीण आणि थबकणारंही हरीण.

रानात देवही आहेत. जुळ्या देवांची एक मूर्ती आहे, तिच्यामागे हे दोघं कर्ते. काही खास प्रसंगी ते स्वतः रानात उतरायचे आणि ‘अबायोजेनेसिस’ नावाच्या यंत्रणेनं तिथल्या तिथे हवा बदलायचे, आकाशातून फुलं नाहीतर भलत्याच वस्तू पाडायचे. हरणं जमून वर पाहायची. बेल्जियन संगीतकार गेरी द मोल यांचं संगीत या रानाला आहे.

माझं म्हणणं असं की निसर्गाची लोककथा मुळात नियमांत राहते, गोष्टीत ती फक्त सांगितली जाते. रानात काय करायचं, काय करायचं नाही, कुणासमोर वाकायचं, कुठल्या वेळेला कुठल्या पाण्यावर जायचं नाही, हे आधी येतं. ते मोडलं तर काय झालं, याची गोष्ट त्याच्या पाठोपाठ येते. आणि माणसानं हात घातल्याशिवाय पुरी न होणारी संगणकी कलाही नियमांचीच बनलेली असते. हे केलं तर ते होईल, हे कधीच करता येणार नाही, हे फक्त दुसऱ्यासाठी करता येईल. म्हणून लोककथेची आणि या कलेची सोयरीक जुळते. कथा पडद्यावर मांडत बसलं की ती निसटते.

हार्वी आणि सामिन यांच्या 2009 च्या ‘द पाथ’मध्ये हेच उलट्या बाजूनं दिसतं. लाल टोपडेवालीची गोष्ट. शार्ल पेरोनं 1697 मध्ये ती छापली तेव्हा लांडग्यानं मुलीला खाल्लं आणि गोष्ट संपली. 1812 मध्ये ग्रिम बंधूंनी शिकारी आणला, मुलीला पोटातून बाहेर काढलं आणि आईच्या तोंडी वाट न सोडण्याची ताकीद घातली. ‘द पाथ’मध्ये सहा बहिणी आहेत, सर्वांत धाकटी 9 वर्षांची, थोरली 19 ची. एकीला निवडायचं आणि आजीच्या घरी न्यायचं. सूचना एकच, वाट सोडू नको. जो ती सूचना पाळतो तो सुखरूप घरी पोहोचतो आणि गेम त्याला सांगतो की तू हरलास. वाट सोडून रानात शिरलं तरच काही घडतं. प्रत्येकीचा लांडगा वेगळा आहे, तिच्या वयाचा, तिच्या ओढीचा. आणि तिथला सगळ्यांत धाडसी नियम हा की वस्तूजवळ गेल्यावर खेळणाऱ्यानं कळा सोडून द्यायच्या. हात काढला की ती मुलगी स्वतःहून पुढे होते, उचलते, बसते, गाते. इतर गेम्समध्ये बटण दाबलं की काम होतं, इथे दाबणं थांबवल्यावर. रानात शिरल्यावर आपली हुकमत संपते, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

हा मार्ग पैशाचा नव्हता. 2015 मध्ये त्यांच्या ‘सनसेट’ या गेमच्या सुमारे 4,000 प्रतीच खपल्या आणि त्यांनी व्यावसायिक गेम करणं थांबवलं. हार्वी पुढे शिल्पांकडे वळली. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजनं तिच्या सगळ्या वाटचालीचं मोठं प्रदर्शन भरवलं.

आता आपल्याकडे पाहू, कारण नियमांतून उभं राहिलेलं रान आपल्याला नवं नाही. सह्याद्रीतल्या देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना दिसलं ते हेच. राईत कोयता चालत नाही. वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. पायताण बाहेर. कुणी तोडलं आणि त्याच्या घरात काय झालं, याच्या गोष्टी गावोगाव वेगळ्या. मनाई मात्र सगळीकडे जवळजवळ एकच. झाडं टिकली ती मनाईमुळे, आणि मनाई टिकली ती गोष्टीमुळे.

अश्विन वद्य द्वादशीला बाकी महाराष्ट्र वसुबारस करतो, तेव्हा अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडच्या महादेव कोळी, ठाकर पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, गोडाचा नैवेद्य दाखवतात. काही गावांत गुराखी पोरांपैकीच कुणी वाघ होतं, कुणी अस्वल, कुणी कोल्हा. बाकीचे त्यांना दरडावतात, पुन्हा आमच्या शिवेत येणार नाही असं कबूल करून घेतात आणि हाकलून लावतात. आज जो वाघ झाला तो उद्या गुरं घेऊन त्याच रानात जाणार असतो. एका दिवसापुरता तो दुसऱ्या बाजूनं उभा राहतो. वारली लोकांच्या वाघोबावर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली वाघोबाची दीडशे ठाणी नोंदली आहेत. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी त्याच्याशी केलेला हा करार आहे, वर्षातून एकदा ताजा करायचा. आम्ही तुझं करतो, तू आमचं सांभाळ. खेळणाऱ्याच्या अंगात उतरणारी, नियमांनी बांधलेली, दर वर्षी नव्यानं घडणारी ही कला आहे, आणि तिला वीज लागत नाही.

म्हणून आपल्याकडे कुणी वाघोबावर, आसरांवर, देवराईवर इंटरनेटची कलाकृती करायला बसला, तर पहिला प्रश्न चित्रशैलीचा नसावा. बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते. पांढऱ्या रेघांची माणसं आणली, तारपा वाजवला, झालं. त्यापेक्षा अलास्कातल्या एका कामाकडे बघावं.

अलास्काच्या उत्तरेकडे इन्युपियात लोक राहतात. अँकरेजच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या मूलनिवासींच्या संस्थेनं स्वतःची गेम कंपनी काढली आणि ई-लाइन मीडिया या कंपनीच्या जोडीनं 2014 च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेव्हर अलोन’ आणलं. नूना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा ध्रुवीय कोल्हा, न थांबणारं हिमवादळ कुठून येतं ते शोधत निघतात. निवेदन सगळं इन्युपियाक भाषेत आहे. खाली इंग्रजीत ओळी येतात. मूळ कथा रॉबर्ट नास्रुक क्लीव्हलँड या गाजलेल्या कथेकऱ्यानं सांगितलेली. ती वापरायची म्हणून गेम करणारे त्याची मुलगी मिनी ग्रे यांच्याकडे गेले, परवानगी मागितली. मूळ कथेत मुलगा होता, त्याच्या जागी मुलगी येणार, हेही त्यांच्या संमतीनंच ठरलं. कथा पुस्तकात छापलेली होती. कायद्यानं कदाचित दुसऱ्या वाटाही निघाल्या असत्या. पण कथा कुणाची हे त्या लोकांत सगळ्यांना माहीत असतं आणि तिथे विचारूनच आत जायचं असतं. जवळपास 40 वडीलधारी माणसं, कथेकरी आणि समाजातली इतर मंडळी या कामात होती. 2015 मध्ये बाफ्टानं त्याला पदार्पणाचं पारितोषिक दिलं.

तिथे नियम कसा उतरला ते पाहण्यासारखं आहे. इन्युपियात मुलांना सांगितलं जातं की टोपडं न घालता बाहेर गेलास तर आकाशातले हिरवे उजेड खाली येतील, तुझं डोकं नेतील आणि त्याचा चेंडू करून खेळतील. कान गोठवणाऱ्या थंडीत आईनं घातलेला हा धाक. गेममध्ये ते हिरवे जीव खरोखर आकाशातून लपकतात आणि नूनाला उचलून नेतात. सौंदर्याकडे बघत राहावंसं वाटतं आणि त्याच क्षणी पळावं लागतं. पर्यटकांच्या पोस्टरवरचा ध्रुवीय प्रकाश या खेळानंतर पुन्हा तसा दिसत नाही. कोल्हाही नुसता सोबती नाही. दोन माणसं मिळून खेळली तर एक नूना, एक कोल्हा. ती वस्तू ढकलते, तो वरच्या आत्म्यांना साद घालून पायऱ्यांसारखं जवळ आणतो. एकाचं दुसऱ्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

इंटरनेटच्या कलेला आयुष्य कमी असतं, ही तक्रार खरी आहे. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार संपला आणि वीस-पंचवीस वर्षांतली कितीतरी कामं मुकी झाली. हार्वी आणि सामिन यांची प्रेमपत्रं न्यूयॉर्कच्या ‘रायझोम’ या संस्थेनं जुना संगणक जणू नव्यात उभा करून पुन्हा वाचण्याजोगी केली. हरणांचं रान ‘क्वेस्ट थ्रीडी’ या प्रणालीत बांधलेलं होतं, तीही मागे पडली. तेव्हा रानातल्या मंडळींनी वर्गणी काढली आणि कर्त्यांनी ते ‘अनरिअल’ या नव्या इंजिनमध्ये मुळापासून पुन्हा लिहायला घेतलं. मला यात मोडतोड दिसत नाही. लोककथा याच रीतीनं टिकल्या आहेत. कुणीतरी पुन्हा सांगितली म्हणून ती राहिली, आणि ज्याला ती हवीशी वाटली त्यानंच सांगायचे कष्ट घेतले. जुन्या यंत्रात जपून ठेवलेलं काम अभ्यासकाला उपयोगी पडतं. पण रान तेव्हाच जिवंत असतं जेव्हा कुणीतरी दुसरं हरीण समोर येतं.

करायची साधनं आता हाताशी आहेत. ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्र काढणारं ‘वेबजीएल’ 2011 पासून आहे, त्यावर काम सोपं करणारं ‘थ्री डॉट जेएस’ आहे. लॉरेन मॅकार्थीनं 2013 मध्ये सुरू केलेलं ‘पी फाइव्ह डॉट जेएस’ तर कोड न लिहिलेल्या चित्रकारांसाठीच आहे. सगळं फुकट आणि फोनवर चालणारं. अडचण दुसरीकडे आहे. लोककथेतले सगळेच नियम आपल्याला पटणारे नाहीत. काही देवरायांत बायकांना आत जाता येत नाही. हा नियम कलाकृतीत घ्यायचा का? गाळला तर आपण रान धुऊन पुसून दाखवतो, घेतला तर तोच पुन्हा चालू ठेवतो. ‘द पाथ’नं एक वाट दाखवली आहे: नियम जसाच्या तसा ठेवायचा आणि तो मोडणाऱ्याच्याच हाती गोष्ट द्यायची. अशी राई कुणीतरी करावी, आणि ती बाईनं करावी असं मला मनापासून वाटतं.

वाघबारशीचं काम मात्र आणखी कठीण आणि म्हणूनच करण्यासारखं आहे. हरणांच्या रानात शिकारी नव्हता, तिथली शांतता त्यामुळे सोपी होती. इथे वाघ हवा, आणि तो संगणकानं चालवलेला नको. खेळायला आलेल्यांपैकी पाळीपाळीनं कुणाला तरी वाघ व्हावं लागेल. त्याला भूक असेल, पाड्याची गुरं दिसत असतील. बाकीच्यांना बोलता येणार नाही. नैवेद्य ठेवणं, वाट अडवणं, मागं सरणं एवढंच हाती असेल, आणि तेवढ्यावरच त्याच्याकडून शब्द मिळवायचा असेल. त्यानं शब्द दिला आणि पुढच्या रात्री मोडला, तर पाड्यानं काय करायचं? हे पडद्यासमोर बसून ठरवता येणार नाही. ते अकोल्याच्या डोंगरात ज्यांच्या आजोबांनी वाघ होऊन कबुली दिली आहे, त्यांना जाऊन विचारायला हवं, आणि ते नको म्हणाले तर काम तिथेच थांबवायला हवं.